दोन्ही बाजूंना एकच नाव

मी एक पाटी बोलतेय. दुकानावरची नव्हे, रस्ता दाखवणारी तर नव्हेच. निवडणूक जवळ आली की इथल्या घरांपुढच्या हिरवळीवर ज्या पाट्या उगवतात, त्यांतली एक. अंग प्लॅस्टिकचं, आतून पन्हळी आणि पोकळ. वारा सुटला की माझ्या पोटात शीळ वाजते. खाली तारेचे दोन पाय होते. मला पाठ नाही. पुढून जे लिहिलंय तेच मागूनही: 'प्रल्हाद माईणकर, टाउन कौन्सिलसाठी'. एवढंच मला येतं. बाकी जे सांगणार आहे ते ऐकलेलं, पाहिलेलं आहे, आणि त्यातलं बरंचसं मला अजूनही उमगलेलं नाही.

माझा जन्म आयसेलिनला, ओक ट्री रोडवर, साड्यांच्या एका दुकानाच्या माडीवर झाला. छापणाऱ्याने नाव वाचून मान हलवली. इथल्या लोकांच्या जिभेला हे वळायचं नाही, 'पॉल' छापू का, असं त्याने विचारलं. प्रल्हादराव हसले. म्हणाले, "नाही वळलं तर विचारतील. तेवढंच बोलणं होईल." असे आम्ही पुष्कळ जण एका दमात जन्मलो आणि त्यांच्या गाडीच्या डिकीत बसून गावात आलो.

हे गाव तिथून फार लांब नाही. प्रल्हादराव पुण्याहून कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी आले आणि इथेच राहिले. साठी ओलांडल्यावर त्यांना निवडणूक लढवायचं का सुचलं, याचं कारण एक रस्ता. लायब्ररीसमोर चार पदरी रस्ता आहे. पलीकडे वृद्धांची इमारत. मध्ये ना सिग्नल, ना रस्ता ओलांडायचे पट्टे. म्हातारी माणसं वॉकर घेऊन कडेला उभी राहतात आणि गाड्यांकडे बघत बसतात.

इथे अशी पद्धत आहे की कौन्सिलच्या बैठकीत कुणीही उठून बोलू शकतं. माइकसमोर जायचं, नाव आणि पत्ता सांगायचा, आणि मग तीन मिनिटं तुमची. प्रल्हादराव कित्येकदा जाऊन बोलून आले. दर वेळी कौन्सिलने त्यांचे आभार मानले.

"थँक यू म्हणतात आणि पुढच्याला बोलावतात," शोभनाताई म्हणाल्या होत्या. त्या त्यांच्या पत्नी.

"मग टेबलाच्या त्या बाजूला जाऊन बसतो," ते म्हणाले होते.

माझ्या भावंडांना गावभर जागा मिळाल्या. मला त्यांनी स्वतःच्या घरापुढे, शेवंतीच्या वाफ्यात रोवलं. शोभनाताई दारात उभ्या राहून बघत होत्या. "मतं मिळतील न मिळतील, माझी शेवंती गेली," त्या म्हणाल्या. तरी पाणी घालताना माझ्या पायांशीही घालायच्या, मी काही वाढणार नाही हे माहीत असून.

रोज सकाळी प्रल्हादराव बाहेर येत, मला दोन्ही हातांनी धरून सरळ करत, चार पावलं मागे जाऊन बघत. शेजारच्या हिरवळीवर रिझो नावाच्या प्रतिस्पर्धी उमेदवाराची पाटी होती. आम्ही एकमेकींच्या विरुद्ध आहोत, असं मला वाटायचं. पण आमच्या दोन्ही घरची माणसं एकच शिडी वापरायची. मग विरुद्ध म्हणजे नेमकं काय, हा माझा पहिला गोंधळ.

दुसरा गोंधळ असा. गावात येणारे-जाणारे माझ्यावरचं नाव वाचायचे, अडखळायचे, पण वाचायचे. आणि ज्या घरापुढे मी उभी, तिथे मात्र ते कुणी घेत नव्हतं. शोभनाताई 'हे' म्हणायच्या, 'अहो' म्हणायच्या, फोनवर 'माय हजबंड' म्हणायच्या. मुलगी हिमानी मिशिगनला नोव्हायमध्ये असते. ती यावरून आईला चिडवायची. "लग्नात उखाण्यात घेतलं की," शोभनाताई म्हणत, "एकदा घेतलंय. पुरे."

त्या आदल्याच वर्षी इथल्या नागरिक झाल्या होत्या. परीक्षेचे प्रश्न यांनीच पाठ करून घेतले म्हणे, पोळ्या लाटताना. सरकारच्या शाखा किती, कायदा कोण करतं, मतदान गुप्त का. ही त्यांची पहिली निवडणूक. कुणाला मत देणार, असं कुणी विचारलं की दोघं हसायची. त्यात विचारण्यासारखं काय होतं!

ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका शनिवारी प्रल्हादराव पत्रकं वाटून दुपारी परतले. येताना माझ्याकडे बघून हात हलवला, खेळात. मग आत गेले. थोड्या वेळाने दिवे लावलेली गाडी आली. स्ट्रेचर नेताना कुणाचा तरी धक्का लागून मी एका अंगाला कलंडले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाट पाहिली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. मला सरळ करायला कुणी आलं नाही, तेव्हा काय झालं असावं ते मला कळलं.

पुढचं जे झालं ते आपल्याच माणसांनी केलं, आणि मायेपोटी केलं. मराठी मंडळाचे यतीन आणि आणखी काही जण गाड्या घेऊन निघाले आणि त्यांनी गावातल्या माझ्या साऱ्या भावंडांना उपटून आणलं. गेलेल्या माणसाचं नाव असं रस्त्यावर, पावसात उभं राहू नये. वहिनींना जाता-येता दिसू नये. मलाही यतीननेच काढलं, पायांची माती पुसली आणि गॅरेजमध्ये भिंतीकडे तोंड करून ठेवलं. माझं दुसरं तोंड खोलीकडेच होतं, हे त्याच्या लक्षात आलं नाही. शोभनाताईंना कुणी विचारलं नाही. विचारण्यासारखी ती वेळच नव्हती, असं सगळ्यांना वाटलं.

घरात चूल पेटत नव्हती. मंडळाकडून पिठलं-भात येत होता. एक दिवस रिझो स्वतः आले, हातात भाजलेल्या पास्त्याचा मोठा ट्रे घेऊन. यात मांस नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. गॅरेजच्या दाराशी उभे राहून त्यांनी विचारलं की पाट्या काढल्यात, म्हणजे नाव मागे घेतलंय का? कारण मतपत्रिका तर छापून झाल्यात. पोस्टाने मत देणाऱ्यांची मतं जाऊही लागलीत. आता नाव काढता येत नाही.

शोभनाताईंनी ट्रे हातात घेतला आणि तशाच उभ्या राहिल्या. "म्हणजे ते अजून उभे आहेत?" त्यांनी विचारलं.

रिझोंनी हळूच मान हलवली, हो म्हणून. भला माणूस होता. त्यामुळे माझा गोंधळ वाढलाच.

मग घरात फोनाफोनी झाली. हिमानी आलेली होती. गेलेला माणूस निवडून आला तर काय, हे तिने नगरपालिकेत विचारलं, एका वकिलाला विचारलं, यतीनने आणखी कुणाला विचारलं. प्रत्येकाने आधी एकच म्हटलं, "दॅट्स अ गुड क्वेश्चन." शोभनाताईंच्या ध्यानात आलं की इथे असं म्हणतात तेव्हा उत्तर माहीत नसतं. शेवटी एवढं समजलं की जागा रिकामी धरली जाईल आणि पुढे कुणाला तरी नेमतील. कुणाला, ते कुणीच सांगेना.

"आई, लेट इट गो," हिमानी म्हणाली. "बाबा नाहीयेत. देअर इज नो कॅम्पेन."

 शोभनाताई वॉशिंग मशीनमधले कपडे काढत होत्या. त्यात यांचे दोन शर्ट होते. ते त्यांनी झटकले, घडी घातली, आणि पुन्हा उलगडले.

आणि मग मिसेस ओडेल आल्या. लायब्ररीसमोरच्या त्या वृद्धांच्या इमारतीत राहतात, ऐंशीच्या पुढच्या, कृष्णवर्णीय, वॉकर घेऊन चालणाऱ्या. पुढच्या पायऱ्या चढवेनात म्हणून त्यांना गॅरेजमधून आत घ्यायचं ठरलं. तांदळाच्या पोत्याशी मला पाहून त्या थांबल्या.

आधी त्यांनी शोभनाताईंचा हात हातात घेतला. बराच वेळ तसाच ठेवला. मग म्हणाल्या की त्या लहान असताना, जॉर्जियात, त्यांची आई मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली, आणि तिला अवघड प्रश्न विचारून परत पाठवलं. पुन्हा गेली, पुन्हा परत. अखेर नाव लागलं तेव्हा तिने घरी येऊन सगळ्यांना नवे मोजे दिले. मोजे का, ते मिसेस ओडेलना कधी कळलं नाही.

"मी माझं मत गेल्या महिन्यातच पोस्टात टाकलं," त्या म्हणाल्या. "तुमच्या नवऱ्याला. ते आता परत मागता येत नाही, आणि मला मागायचंही नाही." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "पण तुम्ही ते गॅरेजमध्ये ठेवलंय."

त्या गेल्यावर शोभनाताईंनी मला उचललं. अनवाणीच बाहेर गेल्या. शेवंती सुकली होती. तिच्याच शेजारी त्यांनी मला रोवलं. एक पाय आधी खोल गेला, मी वाकडी झाले. त्यांनी मला दोन्ही हातांनी धरून सरळ केलं आणि चार पावलं मागे जाऊन बघितलं.

यतीन संध्याकाळी डबा घेऊन आला आणि मला बघून फाटकातच थबकला. "वहिनी, सुतक आहे. त्यात प्रचार... बरं दिसत नाही."

"बरं दिसत नाही हे मलाही कळतंय," शोभनाताई म्हणाल्या. "पण मतपत्रिकेवर नाव आहे, यतीन. लोकांनी त्यावर खूण केलीय. ते नाव इथून काढलं तर त्या लोकांना काय सांगू?"

"पण द्यायचं कशासाठी मत? बसणार कोण त्या खुर्चीत?"

"ते मला नाही माहीत."

यतीनने डबा ठेवला. माझ्याजवळून जाताना त्याने माझ्या कडेवरचा चिखल बोटाने काढला. दुसऱ्या दिवशी गावात माझी दोन-तीन भावंडं पुन्हा उभी दिसली म्हणे. कुणी उभी केली, ते त्याने कधी सांगितलं नाही.

मतदानाच्या दिवशी शोभनाताई चालत शाळेत गेल्या. परतल्या तेव्हा कोटावर एक गोल चिकटपट्टी होती, 'मी मत दिलं' असं सांगणारी. ती त्यांनी काढली आणि माझ्यावर लावली, नाव संपतं तिथे.

"बाबांना दिलंस ना?" हिमानीने विचारलं.

"गुप्त असतं," त्या म्हणाल्या. "यांनीच शिकवलंय."

मी इतकी जवळ होते, पण मलाही कळलं नाही. एखादी बाई नवऱ्याला मत देऊन आली की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून ओळखता येईल असं मला वाटायचं. येत नाही.

रिझो निवडून आले. पण माझ्यावरच्या नावालाही मतं पडली, आपल्या सगळ्या मंडळाची माणसं धरली तरी त्यांच्याहून कितीतरी जास्त. एवढ्या लोकांना काय हवं होतं? ते गेलेत हे ठाऊक नव्हतं, की ठाऊक असून दिलं? कुणाला विचारणार! शोभनाताई निकाल वाचत राहिल्या, आणि त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "इतकी माणसं ओळखत होती यांना?"

निवडणूक संपली की पाट्या काढायच्या असतात. शोभनाताईंनी माझे पाय उपसले. ते आता स्वयंपाकघराच्या खिडकीत कढीपत्त्याच्या कुंडीत आहेत. झाड वाढतंय, त्याला आधार हवा होता. मी दारामागे, चपलांच्या कपाटाला टेकून राहिले. संपलं, असं मला वाटलं.

जानेवारीत एका संध्याकाळी त्यांनी कोट घातला, मला काखेत घेतलं आणि गाडीत ठेवलं. नगरपालिकेच्या सभागृहात दाराशी एकाने अडवलं. काठी असलेली पाटी आत नेता येत नाही. शोभनाताईंनी मला उलटसुलट करून दाखवलं. मला पाय नव्हते. त्याने सोडलं.

पुढे टेबलामागे कौन्सिल बसलेलं. रिझोही होते. मिसेस ओडेलना कुणीतरी गाडीने आणलं होतं. नाव पुकारलं तशा शोभनाताई माइकपाशी गेल्या. त्यांचा हात मला घट्ट धरून होता. माझ्या पोटातल्या नळ्यांना ते समजत होतं.

टेबलाच्या कडेला बसलेल्या बाईंनी सांगितलं, "नोंदीसाठी आपलं पूर्ण नाव आणि पत्ता."

इथल्या त्यांच्या कागदांवर नुसतं शोभना माईणकर आहे. तेवढं पुरलं असतं.

"शोभना," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. घड्याळ अजून सुरू झालं नव्हतं. "शोभना प्रल्हाद माईणकर."

बाईंना मधलं कळलं नाही. पुन्हा सांगाल का, असं त्यांनी नम्रपणे विचारलं.

शोभनाताईंनी मला वर उचललं, सगळ्यांना दिसेल असं. "प्रल्हाद," त्या मोठ्याने म्हणाल्या. मग पत्ता सांगितला. मग रस्त्याबद्दल बोलल्या. त्यांचं बोलणं वेळेआधीच संपलं. उरलेला वेळ त्या मला धरून गप्प उभ्या राहिल्या, आणि घड्याळ संपेपर्यंत पुढच्याला कुणी बोलावलं नाही.

नंतर मिसेस ओडेल उठल्या. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं आणि पाठोपाठ माझ्यावरचं नाव वाचलं. चुकीचं वाचलं. पण वाचलं.

सिग्नल अजून झालेला नाही. अभ्यास करू, असं कौन्सिलने म्हटलंय. अभ्यास म्हणजे हो की नाही, ते मला समजत नाही. शोभनाताईंनाही नाही. तरी महिन्याच्या महिन्याला त्या जातात आणि मला नेतात. आता नाव घेताना अडखळत नाहीत. घरीही घेतात कधीतरी, हळूच, कढीपत्त्याला पाणी घालताना.

तुम्ही कधी आमच्या गावात आलात, आणि हिवाळ्यात एखाद्या गाडीच्या मागच्या सीटवर बिनपायांची पाटी दिसली, तर निवडणूक कधीच होऊन गेली म्हणून हसू नका. नाव वाचा. वळलं नाही तर विचारा.

आज बैठक आहे. शोभनाताई कोट घालतायत, आणि त्यांचा हात दारामागे येतोय. निघते मी.