पायचीत

पिंपळगावच्या क्रिकेट स्पर्धेच्या फ्लेक्सवर यंदाही माझ्या हातात बॅट चिकटवली होती. मी नॉर्वेत नऊ वर्षं फुटबॉल खेळलो, हे आयोजक संपतला दर वर्षी सांगतो. त्याचं उत्तर ठरलेलं, "भाऊ, प्लेअर तो प्लेअर. पब्लिकला काय फरक पडतोय?" यंदा मी सरळ मांडवात जाऊन बसलो. वैताग यायलाही अंगात जोर लागतो.

शाल-नारळ झालं. मग पाहुण्यानं उद्घाटनाचा एक चेंडू खेळायचा, ही इथली रीत. माझ्या हातात खरीखुरी बॅट देऊन संपतनं स्वतः टेनिस बॉल टाकला. चेंडू जमिनीलगत सरपटत आला. बॅट कशी धरायची याच विचारात मी होतो, तेवढ्यात पाय आपणहून पुढे गेला आणि चेंडू बुटाखाली अलगद थांबला. तीन ऑपरेशनं झालेल्या गुडघ्यानं, च्यायला, इतका सुंदर चेंडू नॉर्वेतही क्वचितच थांबवला असेल.

"आऊट!" सगळं मैदान ओरडलं. अंपायरनं बोट वर केलं.

मी बॅट काखेत मारून लंगडत निघालो. मागे टाळ्यांचा कडकडाट झाला, म्हणून वळून पाहिलं. लोकांनी संपतला खांद्यावर घेतलं होतं.