हातभार

सोमवारी सकाळी मी गाडी फाटकातून डावीकडे वळवली आणि शेजारी बसलेल्या बायकोचा डावा हात बोटभर आखूड झाला. चौकात उजवीकडे वळवली, तेव्हा उजवा झाला. पंजे तसेच, बोटं तशीच. फक्त मधला हात तेवढा बाहीत सरकला. मंडईत उतरल्यावर शालन म्हणाली, "अहो, पिशवी खांद्याला अडकवता येईना."

मी तीस वर्षं एसटीत कंट्रोलर होतो. गाडी का लेट झाली, याची हजार कारणं ऐकलेला माणूस. त्यामुळे मी आरडाओरडा केला नाही. गाडी फिरवली आणि घरी आणली. येताना सहा वळणं, म्हणजे आणखी सहा बोटं गेली, हे मला दारात आल्यावर सुचलं. माझी अक्कल नेहमी वरातीच्या मागनं येते.

गाडी अठरा वर्षांची. चार दिवसांपासून स्टेअरिंग जड झालेलं, वळवताना कण्हायचं. आणि मी तर या पॉवर स्टेअरिंगच्या जिवावर मिरवलेलो. एका बोटाने गाडी फिरवतो, म्हणून अख्ख्या जतमध्ये सांगत हिंडायचो.

दस्तगीर मिस्त्रीला घरी बोलावलं. त्याने बॉनेट उघडलं, बेल्ट शोधला, ऑइलची टाकी शोधली, पाईप चाचपले. मग नटाच्या भोकांत बोट घालून बघितलं.

"काका, पॉवर स्टेअरिंगचा पंपच नाही."

"चोरीला गेला?"

"बसवलेलाच नाही. नटाची भोकं कोरी आहेत. अठरा वर्षं गाडी वळवली कुणाच्या हातभाराने?"

मी मागे वळून बघितलं. शालन अंगणात स्टुलावर बसली होती. तिने मान खाली घातली.

"मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल," ती म्हणाली.

मला लाज वाटली. पण लाज वाटून हात थोडाच वाढतो? शालनला स्टुलावरच बसू देऊन मी आणि दस्तगीर दोघं स्टेअरिंगला लोंबकळलो. तसूभर हललं नाही. मग त्याने भंगारातून एक पंप आणून बसवला, टाकीत ऑइल भरलं, गळती बघायला गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं. दुसरा पेपर त्याने काही न बोलता शालनच्या स्टुलाखाली सरकवला. दोन तासांनी गाडीखालचा पेपर कोरडा. स्टुलाखालच्या पेपरवर लाल ऑइलचं थारोळं, तिच्या बाहीतून थेंब थेंब पडलेलं.

दस्तगीरने पंप काढून टाकला. पण बिघाड आता गाडीपुरता राहिला नव्हता. शालन स्टुलावरून उठली, घरात जायला वळली, आणि बोटभर हात गेला. त्यानंतर गाडी असो नसो, तिचं अंग वळलं की हात कमी व्हायचा. रात्री झोपेत कूस बदलली, तर सकाळी दोन बोटं नाहीत.

"काका, माझं चुकलं," दस्तगीर म्हणाला.

"तुझं कसलं चुकलं बाबा," मी म्हणालो. पण मला त्याचा रागच आला होता, खोटं कशाला बोलू.

मिरजेच्या एका डॉक्टरांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "हात ओढून बाहेर काढता येतो. पण धरायला बाहीबाहेर चार बोटं तरी पाहिजेत. तेवढा नसला तर आणू नका, आम्हाला काही करता येत नाही." मी मापलं. डावा नऊ बोटं, उजवा अकरा. डॉक्टरांनी तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. अलीकडची नव्हतीच.

ते तीन आठवडे मी घर सरळ केलं. पलंग, मोरी, ओटा एका रेषेत आणले आणि मधली भिंत पाडली. शालन सकाळी ओट्याकडे सरळ चालत जायची आणि उलट्या पावलांनी परत यायची. पलंगावर दोन्ही बाजूंनी उशा, कूस बदलायला नको म्हणून. जेवण मी भरवायचो.

"घास मोठा होतोय," ती म्हणायची.

"गीळ."

"आणि भाजी अळणी आहे."

बाई मोडेल, पण नावं ठेवणं सोडणार नाही. तिने नावं ठेवली की मला बरं वाटायचं. ज्या दिवशी ती काही बोलली नाही, त्या दिवशी मी मोरीत जाऊन रडलो.

बोलून चालून कंट्रोलर मी, रस्ता आखायला बसलो. एसटीने न्यायची सोय नव्हती, स्टँडातून बाहेर पडायलाच तीन वळणं. दस्तगीरचा मालवाहू टेंपो बघितला, तोही वळल्याशिवाय जाईना. शेवटी आमच्याच गाडीसाठी शेतांच्या बांधाबांधाने एक वाट सापडली. डावी वळणं पाच, उजवी सहा. म्हणजे मिरजेत डावा हात चार बोटं आणि उजवा पाच. एक बोट शिल्लक.

ठरल्या दिवशी निघालो. दर वळणाला मी "घेतो हां" म्हणायचो आणि ती डोळे मिटायची. स्टेअरिंग लोण्यासारखं फिरायचं. त्या हलकेपणाची मला शिसारी आली. एका पुलावर काम चालू होतं, पाटीवर बाण काढून 'डायव्हर्जन' लिहिलेलं. मी पाटी मोडून गाडी सरळ नाल्यात घातली आणि पलीकडे काढली. मुकादम ओरडत राहिला.

अकरावं वळण संपलं आणि मिरज दिसायला लागली, तेवढ्यात रस्त्यात मेंढरं. बाकीची बाजूला झाली. एक कोकरू मधोमध उभं राहिलं, हॉर्नलाही हलेना. मी वेग कमी केला नाही. ब्रेक दाबायचा सोडून मी हिशेब करत होतो.

"अहो, पिल्लू आहे हो," शालन म्हणाली.

मी उजवीकडे घेतली. तिची बाही हलली. पुन्हा डावीकडे घ्यायची सोय नव्हती, म्हणून मिरजेपर्यंत गाडी उलट्या बाजूनेच चालवली. समोरून येणारे आईबहिणीवरून शिव्या देत होते. द्या म्हटलं.

रस्ता थेट दवाखान्याच्या पायरीशी संपत होता. मी शालनला तोंड दाराकडेच ठेवून कडेकडेने उतरवलं आणि मापलं. डावा चार, उजवा चार, शिल्लक काही नाही. आत एकच लांब पॅसेज, वळण नाही. टोकाला डॉक्टरांची खोली, दार उघडं. डॉक्टर बाह्या सारून तयार उभे दिसत होते. त्या सोमवारपासून पहिल्यांदा वाटलं, सुटलो रे बाबा.

"नातेवाईक इथंच थांबायचं," शिपाई म्हणाला. "पेशंट एकटा."

"जाऊ मी?" शालनने समोर बघतच विचारलं.

"जा. सरळ जा."

ती निघाली. सावकाश, फरशीच्या एकाच ओळीवरून, पाऊल इकडचं तिकडे न करता. पदर नीट होता. पॅसेज लांबतोय असं वाटलं, पण तो लांबत नव्हता, मीच श्वास धरून ठेवला होता. दारापासून ती दहा पावलांवर आली. मग पाच. डॉक्टरांनी दोन्ही हात पुढे केले.

तेवढ्यात शिपाई माझ्या काखेकडे बघून म्हणाला, "अहो, फाईल तुमच्याकडंच राहिली की. फाईलशिवाय साहेब बघत नाहीत."

"अगं, फाईल!" मी ओरडलो.

चाळीस वर्षांच्या संसारात मी "अगं" म्हणालो आणि शालन वळली नाही, असं एकदाही झालेलं नाही. ती वळली. फाईल घ्यायला तिने बाही पुढे केली.