मुलगा त्याच शहरात असल्यास

ऑफिसात त्याला सगळे 'जर-तर' म्हणत. मदत केंद्राकडे संगणकावरून येणाऱ्या अर्जांचा स्कीमा, म्हणजे काटेकोर साचा, तो लिहायचा. कुठला रकाना सक्तीचा, कुठे फक्त आकडे चालतील, आणि एका रकान्यात अमुक असेल तर दुसऱ्यात तमुक हवंच. साच्यात न बसणारा अर्ज माणसाच्या नजरेला पडायच्या आधीच परत जायचा. "आत्याबाईला मिशा असत्या तर?" असं कुणी चिडवलं, की तो जराही न हसता म्हणायचा, "तर मिशांचा रकाना सक्तीचा करावा लागेल."

त्याचा लाडका नियम म्हाताऱ्यांकडे पाठवायच्या मदतनीस बायकांबद्दल होता. मुलगा किंवा मुलगी त्याच शहरात असेल, तर 'एकटे राहतात' हे चालणार नाही, अर्ज नामंजूर. "पोटची पोरं हाताशी असताना केंद्राच्या गळ्यात कशाला पडायचं?" असं तो बैठकीत म्हणाला आणि साहेबांनी मान डोलावली. त्या दिवशी स्वारी घरी गेली ती छाती फुगवूनच.

मग एका दुपारी अर्ज तपासणारी सहकारी त्याच्या टेबलाशी आली. "सर, काही जण तुमच्या नियमावर आपटतात आणि उत्तर बदलून पुन्हा पाठवतात. आधी मुलगा असतो, मग नसतो. साच्यात बसलं की मंजूर. त्याला खरं-खोटं कुठे कळतंय?"

"लबाड लेकाचे! दाखवा. असा नियम लिहितो की पळवाटच उरणार नाही."

पहिलाच अर्ज उघडला आणि पत्ता वाचून त्याने संगणकाचा पडदा स्वतःकडे वळवून घेतला. उजवं मनगट मोडलं आहे, अंघोळ आणि केस विंचरणं जमत नाही. अपत्य: मुलगा, याच शहरात. नामंजूर. दुसऱ्या खेपेला तेच सगळं, फक्त शेऱ्याच्या रकान्यात एक ओळ जास्त: 'तो फार कामात असतो.' पुन्हा नामंजूर. शेरे संगणक वाचत नसे. ते वाचायची सोय त्याने ठेवलीच नव्हती. तिसऱ्या खेपेला, अपत्य: नाही. मंजूर.

"ओळखीचं आहे का कुणी?" तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला आणि त्याचे कान तापले. फोनवर आई म्हणाली होती, हात जरा मुरगळलाय. शेक घे, असं सांगून त्याने फोन बायकोकडे दिला होता. स्वतःची इतकी लाज त्याला आजवर कधी वाटली नव्हती.

डोकं दुखतंय म्हणून तो निघाला तो थेट आईकडे. दार मदतनीस बाईंनी उघडलं. आई स्टुलावर बसली होती, केस ओले, हात प्लास्टरमध्ये. त्याला बघताच तिचा चेहरा खुलला आणि लगेच घाबरला. आपल्याला बघून आई घाबरलेली त्याने कधी पाहिली नव्हती.

"कोण हे?" बाईंनी विचारलं.

"वरच्या मजल्यावरचे आहेत," आई घाईघाईने म्हणाली. "अधूनमधून विचारपूस करतात. बसा ना तुम्ही."

"बरं आहे बाई, कुणीतरी येतं," मदतनीस म्हणाल्या. "यांना आपलं म्हणावं असं कुणीच नाही हो." त्या टॉवेल वाळत घालायला बाल्कनीत गेल्या.

मी मुलगा आहे, हे शब्द त्याच्या ओठांवर आले होते. पण ते बोलून दाखवले, की त्याच्याच नियमाने उद्यापासून बाई बंद. तो खुर्चीच्या कडेला टेकला, पाहुण्यासारखा.

"आई, सांगायचं तरी," तो कुजबुजला. "मी रोज येईन ना."

आईने बाल्कनीकडे नजर टाकली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. "तू म्हणतोस रे. ती येते."

आज येताना रस्त्यातसुद्धा त्याने मनातल्या मनात उद्याची बैठक आठवून पाहिली होती.

बाई आत आल्या आणि त्यांनी कंगवा उचलला. तो उठला, आईकडे न बघता म्हणाला, "येतो हं, काकू."