चार टाचण्या

"आकाराम, किती पुसाल तो ठोकळा? झिजून जाईल," मी म्हणालो.

"डाग हाय की वो सर." आकारामनं काचेवर पुन्हा फडकं फिरवलं. डाग कुठंच नव्हता.

१९५४चा मार्च. इंटरची प्रॅक्टिकल परीक्षा तासाभरावर आली होती आणि पुण्याहून आलेले परीक्षक प्राचार्यांच्या खोलीत चहा घेत होते. मी उगाचच तीनदा जिना उतरून चढून आलो होतो. आकाराम आमच्या पदार्थविज्ञान प्रयोगशाळेचा शिपाई. मी इथं शिकत होतो तेव्हा "एक डोळा झाक की लेका!" म्हणत माझी मान धरून टेबलाशी वाकवणारा तोच. मी शिकवायला लागलो तसा तो अहोजाहोवर आला, आणि मला ते कधीच सवयीचं झालं नाही.

दोन वर्षांपासून त्याचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं अधू झाले होते. हे त्या सकाळी मला ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते एवढंच, की केमिस्ट्रीच्या पिराजी शिपायाला नजर गेली म्हणून दिवाळीत घरी बसवलं होतं. तेव्हापासून आकाराम कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हता.

परीक्षेआधी पहिल्या टेबलावर एक नमुना मांडायचा, ही आमची रीत. लाकडी फळीवर कागद, त्यावर काचेचा ठोकळा, त्याच्या अलीकडे तिरक्या रेषेत दोन टाचण्या, पलीकडे दोन. काचेतून पाहिलं की चारही एका ओळीत दिसल्या पाहिजेत. उजेड काचेत शिरताना वाकतो, म्हणून पलीकडच्या दोन किंचित बाजूला लावाव्या लागतात. हा नमुना सत्तावीस वर्षं आकारामच मांडत आला होता.

"यंदा फळ्या नव्या केल्यात व्हय?" त्यानं विचारलं.

"मग! जुन्यांची टाचण्यांनी पार चाळण झाली होती."

तो कोऱ्या फळीवरून नख फिरवत राहिला. मला वाटलं, सुताराचं काम बघतोय. मी पुन्हा जिना उतरलो.

परीक्षक आले, वाकले, एक डोळा मिटून काचेतून पाहू लागले.

"या कुणी लावल्या? पलीकडच्या दोन भलतीकडेच आहेत."

माझं डोकं फिरलं. "आकाराम! सत्तावीस वर्षांत एवढंही कळलं नाही तुम्हाला?"

मी काच उचलली आणि पट्टी लावली. चारही टाचण्या एका सरळ रेषेत होत्या, केसाचाही फरक नव्हता.

"पट्टी धरूनच लावल्यात," आकाराम म्हणाला. "मला दिसत न्हाय, सर. जुन्या फळीची भोकं नखाला गावायची, त्येच्यावर भागत हुतं."

"हे प्राचार्यांना सांगावं लागेल," असं हलकेच म्हणून परीक्षक बाहेर गेले. उद्या आकाराम इथं नसणार, हे आम्हा दोघांनाही कळलं. मी घाईघाईनं टाचण्या उपसून नीट लावायला घेतल्या.

"सर, एक सांगा की. सरळ लावल्या तर चुकल्या कशा?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या माणसाच्या देखत मी दहा वर्षं हा धडा शिकवत होतो, पोरांकडं तोंड करून. तो दाराशी उभा असायचा.

मी त्याचं बोट धरून कागदावर ठेवलं. "इथून उजेड येतो. इथं काचेत शिरला, की वाकतो."

"आन् भायेर पडल्यावर?"

"पुन्हा पहिल्याच दिशेनं जातो. फक्त बाजूला सरकून."

घंटा झाली. विद्यार्थी दाराशी ढकलाढकली करू लागले.

"थांबा रे जरा!" मी ओरडलो.

आकारामनं बोट उचलून चाचपत पुन्हा पहिल्या टाचणीपाशी नेलं.

"हितनं परत सांगा," तो म्हणाला.