विपुलचे केस

"हा माहा विपुल नाही, भाऊ." दापोऱ्याच्या मालूबाईने फोटो काउंटरवर परत सरकवला. "केस काळे कुठी व्हते त्याचे? लाल व्हते. सारं गाव नावं ठेवत व्हतं."

फोटो सुकलालनेच काढलेला. जन्मभर बुऱ्हाणपुरात लग्नाचे नि पासपोर्टचे फोटो काढणाऱ्या या भल्या माणसाला साठीत भलतंच वेड लागलं होतं. तापीच्या घाटावर जमणारी पोरं, त्यांचे रंगवलेले केस, कानातल्या बाळ्या, फटफट आवाज करणाऱ्या गाड्या. दोन वर्षं तो त्यांच्या मागे फिरला, आणि तेही ब्लॅक अँड व्हाइट फिल्म घेऊन. "अंकल, कलर खतम हो गया क्या?" म्हणून पोरं त्याची खेचायची. त्यात विपुल सगळ्यांचा म्होरक्या.

चार महिन्यांपूर्वी इच्छापूर रस्त्यावर विपुल ट्रकखाली गेला. तेव्हापासून सुकलालने कॅमेऱ्याला हात लावला नव्हता. जुन्या रोलवरून फोटो धुवायला बसला की तो कुणाचाही असो, कागदावर आधी विपुलच उमटतोय असं वाटून त्याच्या अंगावर काटा यायचा.

"या फिल्ममधी लालबी काळाच दिसते, ताई. मोबाइलमधी असतीन ना फोटो?"

"दोस्तायच्या मोबाइलमधी पाह्यले. एकात निळे, एकात जांभळे. काय काय करते पोट्टे त्या फोटोले! मले खरा पाहिजे. भितीवर लावाचा हाय."

पूर्वी सुकलाल काळे-पांढरे फोटो हाताने रंगवून द्यायचा. त्याने कपाटातून रंगांची जुनी पेटी काढली, काडीला कापूस गुंडाळला आणि तीन-चार लाल रंग तिच्यापुढे मांडले. कुंकवाचा, विटकरी, डाळिंबी.

"सांगा, यातला कोणता?"

मालूबाई रंगांकडे बघतच राहिली. मग तिचा आवाज फुटला. "मी कुठी नीट पाह्यलं, भाऊ? केस रंगवले तव्हापासून त्याच्याशी बोलतच नव्हती. ताट वाढू तं मान खाली घालून. आधी भादरून ये, मंग तोंड दाखव, म्हणली व्हती." तिने डोळे पुसले. "तुमी तं एवढे फोटो काढले. तुमाले माहीत असन."

सुकलालने डोळे मिटले. विपुलच्या हनुवटीवरची खोक आठवली, पुढचा अर्धा तुटलेला दात आठवला, हसताना बारीक होणारा डावा डोळा आठवला. केस मात्र फोटोतल्यासारखे काळेच आठवले. काहीही सांगितलं असतं तरी त्या बाईने मानलं असतं. पण खोटं बोलायला जीभ रेटेना.

"नाही आठवत, ताई," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःचीच शरम वाटली.

त्याने कापसाची काडी पेटीत परत ठेवली.

"असाच द्या मंग," म्हणत तिने फोटो जवळ ओढला. सवयीने तिची बोटं पोराचे उभे केस चापून बसवायला गेली. कागदावरून एकदा खाली आली, आणि तिने हात झटकन मागे घेतला.

"राहू दे रे," ती फोटोला म्हणाली. "उभेच राहू दे."