आईशेजारची जागा

"मास्क ठेव तो बाजूला. आज नको," सामवोल आजी म्हणाल्या.

मिरानला वाटलं, म्हातारीला उकडत असेल. ऑगस्टात सोलचे रस्ते नुसते भाजून काढतात.

"आजी, फोटोवाले असतात तिथे. तुमच्या पुतण्यानं पाहिलं तर?"

"माझा पुतण्या मला ठाऊक आहे. तू गाडी काढ."

मिरान या घरातली स्वयंपाकीण, ड्रायव्हर आणि आजींच्या शिव्या खायची हक्काची जागा. ती कामाला लागली तेव्हा इथे सहा आजी होत्या. दुसऱ्या महायुद्धात, कोरिया जपानच्या ताब्यात असताना, पोरसवदा वयात जपानी फौजेने त्यांना उचलून छावण्यांत डांबलं होतं आणि सैनिकांच्या हवाली केलं होतं. एकेक करत त्या गेल्या. वसंतात पिल्सुन आजी गेल्या आणि सामवोल आजी एकट्या उरल्या. मिरानचा नवरा केव्हाच वारला होता, लेक कॅनडात. रिकाम्या घरी जाऊन भिंतींशी काय बोलायचं, म्हणून ती बहुतेक रात्री इथेच अंग टाकायची. भात मात्र अजून सगळ्यांना पुरेल एवढाच शिजायचा.

दर बुधवारी जपानी वकिलातीसमोर निदर्शनं होत. पिल्सुन आजी उघड्या तोंडाने माइकवर गर्जायच्या. सामवोल आजी टोपी, मास्क चढवून मागच्या रांगेत बसायच्या. कारण येचोनच्या डोंगरावर, आईच्या थडग्याशेजारी त्यांना माती हवी होती. डोंगर को घराण्याचा, म्हणजे आता पुतण्याचा, ऊशिकचा. बिनलग्नाच्या लेकीला कुळाच्या डोंगरावर कोण जागा देतो? ऊशिकने दिली होती, पण एका अटीवर. "आत्या, जागा तुमची. फक्त आपलं नाव बाहेर येता कामा नये. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?"

त्या बुधवारी माइकपाशी एक तरुण कार्यकर्ती उभी राहिली. म्हणाली, पिल्सुन आजींचं जुनं भाषण वाचते.

"त्यांचं कशाला वाचतेस?" मागून आवाज आला. "मी काय मेलेय?"

लोक हसले आणि वळून बघतात तो सामवोल आजी मिरानच्या दंडाला धरून पुढे येत होत्या. माइक त्यांनी लाटण्यासारखा दोन्ही हातांनी गच्च धरला.

"मी को सामवोल. गाव येचोन. सूतगिरणीत काम देतो म्हणून नेलं, आणि सैनिकांच्या छावणीत टाकलं. चौदा वर्षांची होते. परत आले तेव्हा आई विहिरीवर होती. तिनं काही विचारलं नाही, आधी जेवायला वाढलं. तिला मी कधीच सांगितलं नाही. आज सांगतेय. जपान सरकारनं माफी मागावी. मी जिवंत आहे तोवर मागावी."

संध्याकाळच्या बातम्यांत त्यांचा चेहरा दिसला आणि लगेच ऊशिकचा फोन आला.

"आत्यांना सांगा, डोंगरावरची जागा विसरा म्हणावं. माझ्या पोराचं लग्न ठरलंय, मुलीकडच्यांना काय तोंड दाखवू?"

"तुमच्या तोंडाला काय झालंय?" मिरान कडाडली. "सोसलं त्यांनी, आणि लाज तुम्हाला? तुमची आत्या आहे ना, तुम्हीच सांगा!"

फोन बंद झाला.

"कोण होतं?" आजींनी विचारलं.

"चुकून लागला होता."

"चुकून लागलेल्यावर एवढी ओरडतेस? बिचारा." आजींनी भाताचा वाडगा पुढे ओढला. पण दोन घासांवर त्यांना जेवण गेलं नाही.

छुसकच्या सणाआधी घरोघरचे लोक पितरांच्या थडग्यांवरचं गवत कापायला डोंगरावर जातात. आजींनी हट्टच धरला, तेव्हा मिरानने गाडी काढली. गावात त्या कुणाकडे थांबल्या नाहीत. चढण चढताना आजी दर दहा पावलांना थांबत होत्या आणि मिरानलाच विचारत होत्या, "दमलीस का गं?"

ऊशिक येऊन गेला होता. थडग्यांचे सगळे उंचवटे त्याने स्वच्छ भादरून काढले होते. फक्त आईच्या डाव्या अंगाला, माणूस आडवा मावेल एवढ्याच तुकड्यावर गवत गुडघाभर उभं होतं. चारी बाजूंनी नीट कापून तेवढंच ठेवलं होतं.

"मुडदा बशिवला मेल्याचा!" मिरानचा संताप संताप झाला. "थांबा, विळा आणते गाडीतून."

"राहू दे."

आजींनी आईपुढे तांदळाची दारू ओतली, वाकून नमस्कार केला. मग चपला काढून त्या उंच गवतात शिरल्या, आणि हळूच आडव्या झाल्या.

"आजी! साप असतील!"

"असू देत. तेही को घराण्याचेच."

त्यांनी आईकडे कूस वळवली आणि बारीक आवाजात बोलायला लागल्या. मिरान लांब जाऊन पाठ करून उभी राहिली. एवढ्या वर्षांत आजींच्या हाका, खोकला, घोरणं, सगळं तिला पाठ झालं होतं; हा आवाज तिच्या ओळखीचा नव्हता. तो चौदा वर्षांच्या पोरीचा होता. मिरानला रडू आवरेना.

उन्हं कलली तेव्हा हाक आली, "उठव गं मला. उद्या बुधवार आहे."

मिरानने त्यांना उठवलं, पाठीवरच्या काड्या झटकल्या, चपला पायात घातल्या. आजी खाली उतरू लागल्या, त्यांनी वळून पाहिलं नाही. मिरानने पाहिलं. गवतात एका लहानखुऱ्या बाईचा आकार उमटला होता, आणि दबलेलं एकेक पातं सावकाश वर येत होतं.