विलंबाचं कारण

"माफी मी कित्याक मागू? गाडी तेनी घातली मां?" अर्जाचं नाव ऐकताच नर्मदाकाकीने पहिल्याच भेटीत मला गप्प केलं होतं. अपघाताच्या दाव्याची मुदत सहा महिन्यांची. काकी अकरा महिने मसुऱ्यात घर धरून बसलेली, म्हणून हा विलंब माफीचा अर्ज. तो फेटाळला तर काकी बसलेली आणि चिऱ्यांच्या ट्रकने उलटवलेली रिक्षा, तिच्याखाली तासभर अडकून कायमचा निकामी झालेला उजवा हात, कशाचीच भरपाई मिळणार नव्हती.

पण उशिराचं कारण ती सांगेना. ऑफिसात येईना, अंगठा घ्यायलाही मीच गावी गेले. शेवटी वैतागून लिहून टाकलं, 'अर्जदार अंथरुणाला खिळून होती.' वाचून दाखवलं नाही. सात वर्षांच्या वकिलीत असा आगाऊपणा पहिल्यांदाच केला, असं म्हणायला मला आवडेल.

सुनावणीला ती ओरोसच्या कोर्टात माझ्याआधी हजर. न्यायला येते म्हटलं होतं, तर "माझी मी येतंय" म्हणून फोन ठेवला होता.

"काकी, भिया नको," मी म्हटलं.

विमा कंपनीच्या वकिलांनी हॉस्पिटलचे कागद पुढे केले. "साहेब, दुखापत हाताला. चौथ्या दिवशी घरी सोडलं. मग अंथरुणाला कशा खिळल्या?"

खोटं माझं आणि खाली अंगठा तिचा.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "बाई, तुम्हीच सांगा. इतके महिने का आला नाहीत?"

काकीने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"साहेब, मी अंथरुणार नाय होतंय. माका भ्या वाटता. गाडयेत पाय ठेवलंय की ती माझ्या आंगार पडता असा वाटता. हंय येवचा म्हणजे गाडयेन येवक व्हया. म्हणान नाय इलंय."

"मग आज कशा आलात?"

"चलत. परवा सकाळी भायर पडलंय. वाटेत भयणीकडे रवलंय."

साहेबांनी वाकून तिच्या पायांकडे पाहिलं. टाचांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. हॉस्पिटलच्या कागदांत मी तिचा फक्त हात पाहिला होता, त्या चिंध्या बघून मला माझीच लाज वाटली. साहेबांनी मला भर कोर्टात झापलं, खरं कारण नोंदवून घेतलं आणि विलंब माफ केला.

बाहेर आल्यावर मी हरखून म्हटलं, "काकी, अर्ज मंजूर झालो! आता दावो चलतलो. चल, घराक सोडतंय," आणि गाडीचं दार उघडलं.

काकी दोन पावलं मागे सरली. कोर्टाच्या फाटकाचा गज तिने घट्ट धरला.

"नको गो चेडवा. फुडची तारीख कधी?"

"सोमवारी."

तिने बोटांवर दिवस मोजले.

"मगे शनवारी निघाक व्हया."